एकेका शाईची परीक्षा

छायाचित्र छापून घेण्यासाठीं पूर्वीं फोटोवाल्याच्या दुकानाची पायरी चढावी लागे. आतां तें काम कित्येक घरीं मेजावरच्या लहानशा प्रिंटरवर होतें. मुंजीचीं, लग्नाचीं, परगांवीं राहणाऱ्या नातवंडांचीं चित्रें घरच्या घरीं निघतात आणि भिंतीवर अगर संग्रहवहींत लागतात. ही सोय मोठी आहे. परंतु तिच्याबरोबर एक नवी जबाबदारीही घरांत आली. चित्र बिघडलें तर तें कशामुळें बिघडलें, हें आतां आपलें आपणांसच शोधावें लागतें. चेहरे हिरवट दिसूं लागले, आकाश जांभळें पडलें, अथवा पैठणीच्या पदरावर आडव्या पांढऱ्या रेघा उमटल्या, कीं घरांतील मंडळींत मतभेद सुरू होतो. एक म्हणतो, कागद हलका आणला. दुसरा म्हणतो, मूळ चित्रच तसें होतें. तिसऱ्याचा निकाल ठरलेलाच असतो कीं, यंत्र जुनें झालें, नवें घ्या. या तिघांपैकीं कोणींही शायांकडे एकेक करून पाहिलेलें नसतें. या महिन्यांत आम्ही त्याच परीक्षेविषयीं लिहिणार आहों.

प्रथम यंत्राची रचना थोडक्यांत सांगूं. साध्या घरगुती प्रिंटरांत चार शाया असतात: सियान, मॅजेंटा, पिवळी आणि काळी. सियान म्हणजे आकाशी छटेची निळी व मॅजेंटा म्हणजे राणी रंगाची गुलाबी, असें समजण्यास हरकत नाहीं. खास छायाचित्रांसाठीं केलेल्या कित्येक यंत्रांत यांखेरीज फिकी सियान व फिकी मॅजेंटा अशा आणखी दोन शाया असतात. गाल, कपाळ, प्रातःकाळचें आकाश असे हलक्या रंगाचे भाग गडद शाईचे थेंब विरळ टाकून रंगविले तर ते दाणेदार दिसतात. तेंच काम फिक्या शाईचे थेंब दाट टाकून केलें म्हणजे कांति नितळ उतरते. प्रत्येक शाईसाठीं छपाईच्या मुखांत, म्हणजे ज्यास हेड म्हणतात त्यांत, केसाहूनही बारीक छिद्रांची स्वतंत्र रांग असते. एका लिटरचे एक लक्ष कोटी भाग केले असतां त्यांतील एक भाग म्हणजे पिकोलिटर. अशा दीड ते पांच-सहा पिकोलिटरांचा एकेक थेंब त्या छिद्रांतून कागदावर पडतो. कॅनन व एचपी यांच्या बहुतेक घरगुती यंत्रांत शाई क्षणभर तापवून तिच्या बुडबुड्याच्या जोरानें थेंब बाहेर फेकला जातो. एप्सनच्या यंत्रांत विजेनें आकुंचन-प्रसरण पावणारा स्फटिक तेंच काम करतो. रीति कोणतीही असो, छिद्र इतकें सूक्ष्म कीं शाई वाळली अथवा हवेचा बुडबुडा अडकला कीं तें मुकें झालेंच.

आतां रंगांचें मर्म पाहूं. कागदावरील शाई रंग निर्माण करीत नाहीं. ती पांढऱ्या प्रकाशांतील एक भाग गिळते आणि उरलेला परत पाठविते. सियान तांबडा प्रकाश गिळते, मॅजेंटा हिरवा गिळते, पिवळी निळा गिळते. म्हणून एखादी शाई कमी पडली कीं ती जो प्रकाश गिळीत होती तोच चित्रांतून वर येतो. सियान आटली तर चित्र तांबूस होतें, मॅजेंटा आटली तर हिरवट, आणि पिवळी आटली तर निळसर. हीं तीन वाक्यें पाठ असलेल्या गृहिणीस, बिघडलेलें चित्र पाहतांच कोणत्या शाईवर संशय घ्यावा हें कळेल. मात्र संशय हा निर्णय नव्हे. निर्णयासाठीं त्या शाईस एकटीला पुढें उभें करावें लागतें.

ही युक्ति आजची नव्हे. याकोब क्रिस्टोफ ल ब्लाँ या चित्रकारानें अठराव्या शतकाच्या आरंभीं तांबडा, पिवळा व निळा अशा तीन ताम्रपटांवरून एकच रंगीत चित्र छापून दाखविलें, आणि १७१९ सालीं त्याला इंग्लंडांत त्याबद्दलची राजाची सनद मिळाली. आपल्याकडे राजा रविवर्म्यांनीं १८९४ सालीं मुंबईंत छापखाना काढला व तो पुढें लोणावळ्याजवळ मळवलीस गेला. तेथें निघालेल्या लक्ष्मी-सरस्वतीच्या चित्रांसाठीं प्रत्येक रंगाचा दगड निराळा असे. पुढें मासिकांतून तिरंगी चित्रें येऊं लागलीं, तेव्हां ब्लॉक करणारे कारागीर आधीं पिवळ्याचा, मग तांबड्याचा, मग निळ्याचा असा प्रत्येक ब्लॉकचा सुटा ठसा काढीत, आणि मगच एकावर एक छापलेला ठसा पाहत. सुटा ठसा न पाहतां एकत्र छापणें हें त्या धंद्यांत कच्चें काम समजलें जाई. आमच्या मेजावरच्या यंत्रानें दगड व ब्लॉक दृष्टीआड केले. पण सुटा ठसा पाहण्याची गरज नाहींशी झालेली नाहीं.

शाळेंत शिकविणाऱ्यास यांत नवल वाटूं नये. सगळा वर्ग एका सुरांत रूपावली म्हणत असतांना ज्या मुलास ती येत नाहीं तो नुसते ओंठ हालवितो, आणि ऐकणारास वर्ग हुशार वाटतो. एकेकास उभें केलें म्हणजेच कोणाचें अडतें तें समजतें. न्यायशास्त्रांत यालाच अन्वय-व्यतिरेक म्हणतात: एक वस्तु असतां कार्य घडतें आणि ती नसतां घडत नाहीं, असें दोन्ही अंगांनीं दिसलें म्हणजे त्या दोहोंचा कार्यकारणसंबंध ठरतो. चित्र हिरवट आहे एवढ्यावरून मॅजेंटा दोषी ठरत नाहीं. मॅजेंटा एकटी छापतांना तुटते आणि ती सुधारतांच चित्रही सुधारतें, असें दिसलें म्हणजे ठरते.

परीक्षेची पहिली पायरी यंत्रांतच ठेवलेली असते. देखभालीच्या यादींत नोझल तपासणी नांवाची एक आज्ञा आहे. ती दिली कीं साध्या कागदावर प्रत्येक शाईच्या आंखूड रेघांची जिन्यासारखी आकृति उमटते. एकेक रेघ म्हणजे एकेका छिद्राची हजेरी. जेथें रेघ तुटली अथवा गाळली गेली, तेथलें छिद्र बंद आहे असें समजावें. या परीक्षेस शाई जवळजवळ लागतच नाहीं, म्हणून महत्त्वाचें चित्र छापण्यापूर्वीं ती प्रत्येक वेळीं करावी.

परंतु हा कागद वाचण्यांत एक मेख आहे. पिवळ्या रेघा पांढऱ्या कागदावर नीट दिसत नाहींत. फिक्या सियानच्या व फिक्या मॅजेंटाच्याही रेघा दिव्याच्या उजेडांत सहज नजरेंतून सुटतात. यावर उपाय सोपा आहे. दिवाळीच्या आकाशकंदिलास लावतात तो रंगीत जिलेटिनचा पारदर्शक कागद घरांत असतोच. निळ्या जिलेटिनमधून पाहिलें असतां पिवळ्या रेघा काळपट होऊन स्पष्ट दिसतात, कारण पिवळी शाई निळा प्रकाश गिळते. त्याच न्यायानें मॅजेंटासाठीं हिरवा व सियानसाठीं तांबडा तुकडा डोळ्यांपुढें धरावा. भिंग असेल तर उत्तमच. तपासणी दिवसाच्या उजेडांत, खिडकीपाशीं करावी.

दुसरी पायरी म्हणजे प्रत्येक शाईचा भरीव चौकोन छापून पाहणें. ही पायरी कां हवी, असा प्रश्न येईल. नोझल तपासणींत शाईचे थोडेच थेंब लागतात, त्यामुळें तेवढ्यापुरतें यंत्र धड दिसतें. पूर्ण पानाची मागणी आली म्हणजे पुरवठ्याचा दोष उघडा पडतो. भरीव चौकोनांत नियमित अंतरानें बारीक पांढऱ्या रेघा दिसल्या तर कांहीं छिद्रें बंद आहेत. चौकोन वरच्या बाजूस गडद असून खालीं खालीं फिका होत गेला, तर छिद्रें ठीक आहेत, पण टांकीपासून मुखापर्यंत शाई वेळेवर पोहोंचत नाहीं. नळींत हवा शिरली असेल, टांकीचा हवेचा मार्ग बुजला असेल, अगर शाईच संपत आली असेल. पिवळा चौकोन हिरवट किंवा मळकट निघाला, तर शेजारची शाई तिच्यांत मिसळत आहे. अशा तीन दोषांचीं लक्षणें तीन आणि उपायही तीन. ते न ओळखतां प्रत्येक दुखण्यावर मुख-सफाई हेंच एक औषध देणें म्हणजे तापावर व मोडलेल्या हाडावर एकच काढा पाजण्यासारखें आहे.

येथें एक सूक्ष्म गोष्ट लक्षांत ठेवली पाहिजे. संगणकाच्या पडद्यावर आपण शुद्ध सियान रंगाचा चौकोन काढला, म्हणजे तांबडा ०, हिरवा २५५, निळा २५५ असे आंकडे भरले, तर कागदावर केवळ सियान शाईच पडेल अशी खात्री नसते. संगणक व प्रिंटर यांमध्यें ड्रायव्हर नांवाचा एक दुभाषा बसलेला आहे. पडद्याच्या भाषेंतील तीन आंकड्यांचें तो आपल्या कोष्टकाप्रमाणें शायांच्या भाषेंत रूपांतर करतो, आणि त्यास योग्य वाटेल तेथें दुसऱ्या शाईचाही शिंतोडा देतो. म्हणून रंगसुधारणेचीं सर्व कलमें बंद करूनच हे चौकोन छापावेत. एवढें करूनही ती परीक्षा जवळपासची होते, तंतोतंत नव्हे. ज्यांना खरोखर एकेकच शाई सोडून पाहावयाची आहे, त्यांच्यासाठीं दुभाष्याला बाजूस सारणारीं निराळीं साधनें आहेत. कृष्णधवल चित्रांचे शौकीन वापरतात तें क्वाडटोनरिप त्यांपैकींच एक. त्यांत प्रत्येक शाईची फिक्यापासून गडदापर्यंतची पट्टी स्वतंत्र छापतां येते. अशा पट्टींत कोणत्या पायरीनंतर शाई वाढविली तरी रंग अधिक गडद होत नाहीं, हेंही कळतें. त्या कागदाची पिण्याची शक्ति तेथें संपली.

दुभाष्याच्या आणखी दोन खोड्या आहेत. पहिली अशी कीं, गडद चौकोन छापला तर प्रायः गडद शाईच काम करते; फिक्या शाईची परीक्षा त्यांत होतच नाहीं. तिच्यासाठीं अगदीं हलक्या गुलाबी व हलक्या आकाशी रंगाचे चौकोन निराळे छापावे लागतात. दुसरी अशी कीं, कोणती काळी शाई वापरावयाची हें आपण निवडलेल्या कागदाच्या नांवावरून ठरतें. कित्येक यंत्रांत साध्या कागदासाठींची काळी शाई तकतकीत कागदावर वापरलीच जात नाहीं. तेथें काळेपणा इतर शायांच्या मिश्रणानें आणला जातो. अशा वेळीं साध्या कागदावर काळा चौकोन सुरेख निघाला म्हणून छायाचित्रांतील काळ्याची काळजी मिटत नाहीं. ज्या कागदावर व ज्या मांडणीनें चित्र छापावयाचें, त्याच कागदावर व त्याच मांडणीनें चौकोन छापावेत.

हें सर्व किती उपयोगी पडतें याचें एक उदाहरण देतों. आमच्या परिचयाच्या एका कुटुंबांत सासूबाईंच्या वर्षश्राद्धास त्यांचें चित्र मोठें करून लावावयाचें होतें. त्यांचें रंगीत छायाचित्र उरलें होतें तें एकच, १९७०च्या दशकांतील, कुणाच्या तरी मुंजींत काढलेलें. त्या काळच्या कित्येक रंगीत छायाचित्रांप्रमाणें तेंही कपाटांत राहून तांबूस झालें होतें. थोरल्या मुलानें संगणकावर तो तांबूसपणा बेतानें काढला. पडद्यावर चेहरा योग्य दिसूं लागला. सहा शायांच्या यंत्रावर छापल्यावर मात्र गाल व कपाळ हिरवट निघालें. त्यानें चित्रांत पुन्हां तांबडा वाढविला, तर पातळाचा रंग बिघडला. तीन दिवस व बराचसा भारी कागद यांत गेला. सून आम्हांस म्हणाली, “गुरुजी, आमच्या सासूबाई गोऱ्या नव्हत्या, पण अशा आजारी कधीं दिसल्या नाहींत हो. असलें चित्र लावण्यापेक्षां नाहीं लावलें तर काय वाईट?” दुकानदारानें तर हेडच गेलें असें सांगून नव्या यंत्राची किंमतही ऐकविली होती.

हिरवटपणावरून संशय मॅजेंटावर होता. पण मॅजेंटाचा भरीव चौकोन निर्दोष निघत होता आणि नोझल तपासणीही दिव्याखालीं पुरी दिसत होती. तीच तपासणी सकाळीं खिडकीपाशीं हिरव्या जिलेटिनमधून पाहतां, फिक्या मॅजेंटाच्या जिन्याच्या जवळजवळ अर्ध्या पायऱ्या नाहींत असें दिसलें. हलका गुलाबी चौकोन छापला तो रेघारेघांचा निघाला. पातळाचा गडद रंग दुसऱ्या शाईच्या हातीं होता, म्हणून तो ठीक उतरत होता; चेहरा मात्र या मुक्या शाईवर अवलंबून होता. दोनदां मुख-सफाई केली, यंत्र रात्रभर तसेंच ठेवलें, आणि सकाळीं हलक्या गुलाबी रंगाचीं दोन पूर्ण पानें छापून त्या शाईस वाहतें केलें. जिना पुरा झाला. मग मुलानें मागाहून तांबडा वाढविलेली प्रत बाजूस ठेवून आधींची प्रत छापली. ती पाहून सुनेनें पदर डोळ्यांस लावला; अधिक कांहीं बोलली नाहीं. चित्र श्राद्धाच्या दिवशीं लागलें.

या उदाहरणांतून एक नियम निघतो, तो हा कीं यंत्राचा दोष चित्रांत भरून काढूं नये. यंत्र हिरवें छापतें म्हणून चित्र तांबडें केलें, तर उद्यां यंत्र सुधारल्यावर तें चित्र कायमचें चुकीचें राहतें, आणि मूळ प्रत जपून न ठेवणारास परत फिरण्यास वाटच उरत नाहीं. आधीं शायांची परीक्षा, मग कागदाची, आणि शेवटीं चित्राची दुरुस्ती, हाच क्रम ठेवावा.

सफाईविषयीं दोन शब्द लिहिणें अवश्य आहे. मुख-सफाईंत यंत्र शाई ओढून आंतल्या शोषक गादींत टाकतें. ती शाई फुकट जाते, गादी भरत जाते, आणि ती भरली असें यंत्राच्या हिशोबीं ठरलें कीं कित्येक यंत्रें छापण्याचेंच नाकारतात. म्हणून लागोपाठ तीनहून अधिक वेळां सफाई करूं नये. मध्यें निदान एक रात्र जाऊं द्यावी. तेवढ्या वेळांत वाळलेली शाई भिजून मऊ होते व अडकलेला बुडबुडा पुष्कळदां आपोआप निघतो. एखादें यंत्र हव्या त्याच रंगाची सफाई करूं देत असेल, तर तीच करावी. निरोगी शायांस रेचक देण्याचें कारण नाहीं. ज्या यंत्रांत शाई तापवून थेंब निघतो, त्यांत रिकाम्या टांकीवर छापत राहणें घातक आहे, कारण शाई नसतांना मुखाचा तो भाग कोरडा तापतो आणि कायमचा जातो.

दोष आल्यावर शोधण्यापेक्षां तो येऊं न देणें केव्हांही स्वस्त. वैशाखाच्या कोरड्या उन्हांत महिनाभर न वापरलेलें यंत्र हमखास तुंबतें; म्हणून आठवड्यांतून एकदां तरी सर्व शाया असलेलें लहानसें चित्र छापावें. पावसाळ्यांत कागद ओल धरतो व त्यावर शाई फुटते. तो बंद पिशवींत ठेवावा. यंत्र त्याच्या स्वतःच्या बटणानेंच बंद करावें. भिंतीवरील बटण आधीं बंद केल्यास मुख आपल्या झांकणावर जाऊन बसत नाहीं व उघडें राहून वाळतें. बाटल्यांतून शाई भरतांना नांव वाचून भरावी. सियानच्या टांकींत फिकी सियान गेली तर ती चूक नुसत्या डोळ्यांस पटकन कळत नाहीं, आणि निस्तरणें फार कठीण जातें.

यंत्र नवें असतांना, सर्व शाया निर्दोष आहेत तेव्हांच, नोझल तपासणीचा एक कागद व सर्व चौकोनांचा एक कागद छापून एक दिवस वाळूं द्यावा, त्यावर तारीख घालावी आणि तो अंधाऱ्या जागीं पाकिटांत ठेवावा. पुढें शंका येईल तेव्हां नव्या कागदाशेजारीं तो ठेवून पाहिला कीं वादाला जागाच राहत नाहीं. चौकोनांत एक मध्यम करडा चौकोनही अवश्य असावा. ज्या यंत्रांत करडा रंग शायांच्या समतोल मिश्रणानें होतो, तेथें कोणतीही एक शाई थोडी जरी मागें पडली तरी तो लगेच रंग दाखवितो.

या साऱ्या परीक्षेस जेमतेम घटकाभर वेळ लागतो, आणि नुसत्या नोझल तपासणीस तर दोनच मिनिटें. ज्यांच्या घरीं गेलेल्या माणसाचें एकच छायाचित्र उरलें आहे, त्यांनीं तें मोठें करण्यापूर्वीं हा वेळ अवश्य काढावा. पुढच्या पिढीनें त्या माणसास पाहिलेलें नसतें. भिंतीवर जो चेहरा लागेल, तोच तिच्या ओळखीचा होणार.